भंगारातल्या पोलादाची लेथसाठी हत्यारं: माझी फजिती आणि थोडे प्रश्न

भुसाभाऊ
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या. राहायला कुडाळजवळ, नोकरी ऑफिसातली, पण दोन वर्षांपूर्वी अर्धा एचपीची १४४० आरपीएमवाली जुनी मोटर हाताला लागली आणि तिच्यावर सी-चॅनेलचा सांगाडा करून लाकूड कातायचा लेथ बनवला. लेथ बरा चालतो. अडलंय ते हत्यारांवर. बाहेरच्या देशातले तयार गाउज (पन्हळीसारख्या धारेच्या पटाश्या) ऑनलाइन बघितले, किंमत बघून टॅब बंद केला आणि सरळ भंगारवाल्याकडे गेलो.

तिथून आणलं ते असं: दोन जुन्या कानशी (एक १२ इंची, एक १० इंची), ट्रकच्या पाट्याचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) हातभर तुकडा, २२ एमएमचा टेपर शँकचा (मागचा दांडा निमुळता असलेला) ड्रिल, आणि एक मोठ्या बेअरिंगची बाहेरची रिंग. सगळं वजनावर. भंगारवाला म्हणाला "मेस्त्री, याचं काय करणार", मी म्हटलं पटाश्या, तर तो हसला. तेव्हाच कळायला हवं होतं.

फजिती नंबर एक. १२ इंची कानशीचं टोक ग्राइंडरवर अर्धगोल केलं, वरचे दात पुढच्या दीड इंचावरचे घासून सपाट केले, मूठ बसवली आणि वाडग्याच्या आतून स्क्रेपर (लाकूड खरवडायचं हत्यार) म्हणून लावली. फणसाचं लाकूड होतं, थोडं ओलंच. पहिली पाच मिनिटं काय सुंदर चालली म्हणून सांगू, केसासारख्या कात्रणी निघत होत्या. मग लाकूड एकदम अडकलं, टण्ण असा आवाज आला आणि हातात नुसती मूठ आणि अर्धी कानस. पुढचा तुकडा कुठे गेला ते संध्याकाळी कळलं, शेडच्या पत्र्याला आतून भोक पडलं होतं, माझ्या डोक्याच्या जरा वर.

फजिती नंबर दोन. ड्रिल म्हणजे एचएसएस (हाय स्पीड स्टील), एचएसएस म्हणजे बेस्ट, एवढं ऐकून होतो. पीळ असलेला भाग काही कामाचा नाही म्हणून तो कापून टाकला आणि मागच्या जाड दांड्याला तिरकी धार काढली. धार निघाली छान पण दोन मिनिटांत गेली, परत लावली परत गेली. हे एचएसएस इतकं भुसभुशीत कसं? भंगारवाल्याने फसवलं का?

पाटा आणि बेअरिंगला अजून हात लावलेला नाही. आधी विचारावं म्हटलं.

उद्यमनगरी
भाऊ, भंगारवाल्याने नाही, तुम्हीच स्वतःला फसवलंय 😀 जो भाग टाकून दिलात तोच एचएसएस होता.

मी कोल्हापुरात टूलरूमला काम करतो, रोजचा संबंध आहे म्हणून सांगतो. मोठ्या टेपर शँक ड्रिलचा पुढचा पिळाचा भाग एचएसएसचा आणि मागची शँक साध्या पोलादाची, दोन्ही वेल्ड करून जोडलेलं असतं. एचएसएस महाग, ते शँकमध्ये कोण कशाला घालेल, शँकने फक्त मशीनमध्ये घट्ट बसायचं आणि पीळ सहन करायचा. जोडाच्या जागी नीट बघा, कधीकधी रंगात बारीक फरक दिसतो. आणि लहान सरळ शँकचे ड्रिल जरी अख्खे एकाच पोलादाचे असले तरी मागची बाजू बऱ्याचदा मुद्दाम नरम ठेवलेली असते. तेव्हा ड्रिलच्या दांड्याची हत्यारं हा नाद सोडा.

एचएसएसच पाहिजे असेल तर लेथवर लोखंड कातणाऱ्या टर्नरकडे जावा. चौकोनी टूलबिट असतात, १० एमएम १२ एमएम, घासून घासून आखूड झाले की त्यांच्या कामाचे राहत नाहीत, तुम्हाला मात्र दोन इंच पण पुरतो. १६ एमएमचा गोल बार घ्या, तोंडाला भोक पाडून बिट आत बसवा, वरून दोन ग्रब स्क्रू. ब्रेझिंगच्या (पितळ वितळवून जोडायच्या) भानगडीत पडू नका, पितळेच्या ब्रेझिंगला जेवढं तापवावं लागतं तेवढ्यात एचएसएस नरम पडतं आणि त्याला परत पाणी देणं (तापवून एकदम थंड करून कडक करणं) घरच्या भट्टीचं काम नाही. एम-२ ला (नेहमीचं एचएसएस) ११९० ते १२३० अंश लागतात, आणि ते पण मोजून.

चिवट_कोळी
पत्र्याला भोक 😳 भुसाभाऊ, आधी ग्रामदेवतेला नारळ द्या मग पाट्याला हात लावा.

रंधामास्तर
उगाच घाबरवू नका नवीन माणसाला. आमच्याकडे तीस वर्षं कानशीचीच हत्यारं वापरतात, आमचे मेस्त्री गेले तोवर एक कानस मोडली नाही. हात लावायची पद्धत चुकते आणि दोष पोलादाला.

शिवणपाट
रंधामास्तर, तुमच्या मेस्त्रींची मोडली नाही चांगलंच आहे, पण भुसाभाऊंची मोडली ना? ता तोंडार इला असता तर?

मी सावंतवाडीची. आमच्या घरात लाकडी खेळणी कातायचं काम होतं, आता कोणी करत नाही. आजोबांकडे कानशीपासून केलेली चार-पाच हत्यारं होती हे खरंय पण ती लोहाराकडून घडवून घेतलेली, म्हणजे कानस तापवून, दात ठोकून बसवून, मग नव्याने पाणी देऊन. बाजारातली कानस घासून तशीच वापरणं आणि हे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. लहानपणी मला ती कानस आहे हे कळायचंच नाही, फक्त मुठीजवळ दातांची पुसट जाळी दिसायची, त्यावर नख फिरवलं की करकर वाजायचं.

दुसरं म्हणजे लाकूड. खेळण्यांचं लाकूड मऊ असतं. चन्नपट्टणला वापरतात ते हाले, म्हणजे आपला काळा कुडा, अगदी गुळगुळीत आणि बारीक पोताचं. त्याच्यावर साध्या पोलादाची हत्यारं दिवसभर चालतील. सुकलेल्या बाभळीवर तेच लावून बघा. त्यामुळे "आमच्याकडे असंच चालतं" म्हणताना कुठल्या लाकडावर ते पण सांगत जावं.

उद्यमनगरी
ताईंनी बरोबर पकडलं. कानस का मोडली ते सांगतो, पद्धत वगैरे नंतर.

कानशीत कार्बन साधारण सव्वा टक्का. कंपनीतून निघते तेव्हा ती जवळजवळ काचेसारखी कडक ठेवलेली असते कारण तिला लोखंड घासायचं असतं, वाकायचं नसतं. आता लेथवर बघा, लाकूड हत्याराचं टोक खाली दाबतं, मध्ये टेकू (हत्यार टेकवायचा लोखंडी आधार), मागे तुमचा हात, म्हणजे तरफेसारखा खेळ. अशा वेळी टेकूच्या वर, हत्याराची वरची बाजू ताणली जाते. तुम्ही दात फक्त पुढच्या दीड इंचावरचे घासलेत, टेकूवरचे तसेच ठेवलेत, आणि दाताची प्रत्येक खाच म्हणजे काचेवर हिऱ्याने मारलेली रेघ. मी पैजेवर सांगतो घासलेलं जिथे संपतं तिथेच मोडलीय.

भुसाभाऊ
आत्ता जाऊन बघून आलो. बरोब्बर तिथेच. पहिल्या दातात. 🙏

टेकू पण लांब होता हे कबूल करतो, वाडग्याच्या आत जाताना तीनेक इंच बाहेर होतं.

रंधामास्तर
तीन इंच?? मग काय बोलायचं. मी पद्धत म्हणालो ती हीच.

पाणीदार
धागा वाचून खाज सुटली म्हणून लिहितोय, लांबण लागली तर माफ करा. नाशिकला राहतो, लोहारकाम हौशी आहे, कोयते-सुऱ्या करतो. भुसाभाऊ तुमच्या भंगारातला खरा माल पाटा आहे, गावोगावचे लोहार कोयते पाट्याचेच करतात ते उगाच नाही. त्यात कार्बन अर्धा-पाऊण टक्क्याच्या मधे, कानशीच्या निम्मा, त्यामुळे धार कानशीएवढी टिकणार नाही पण मोडायला पण दहा वेळा विचार करेल. जाड स्क्रेपरला एक नंबर.

आधी तडा बघा. पाटा लाखो वेळा वाकून भंगारात आलेला असतो. पोलिश पेपरने चकचकीत करा, डिझेल लावा, दहा मिनिटांनी कोरडा पुसून काढा आणि वर खडू फासा. तडा असेल तर आत गेलेलं डिझेल खडूवर बारीक ओली रेघ काढतं. रेघ दिसली की तो तुकडा भंगारात परत, मोह नको.

मग नरम करा. लाल करायचा आणि चुलीच्या राखेत गाडून रात्रभर विसरायचा. सकाळी हॅकसॉने कापता येतो. माझी भट्टी म्हणजे ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, खालून पाइप, पाइपला हेअर ड्रायर (घरातला नको, मी ती चूक केलीय), आणि लोणारी कोळसा. आकार काढून घ्या पण धार काढू नका, टोकाला दीड एमएम जाडी राहू द्या, पातळ कड आधी जळते आणि वेडीवाकडी होते.

आता पाणी द्यायचं. नाव पाणी पण पाट्याला तेलच, पाण्यात घातलात तर चिरण्याची भीती. मी वापरलेलं खाद्यतेल घेतो, लोखंडी डब्यात, प्लास्टिकच्या बादलीत कधीही नाही, आणि ५०-६० अंशांपर्यंत कोमट करून, कारण थंड तेल घट्ट असतं, उष्णता नीट ओढत नाही. झाकण हाताशी पाहिजेच, तेल पेटतं.

पुढचे दोन-अडीच इंच तापवायचे, सावलीत किंवा दिवेलागणीला, उन्हात रंगाचा अंदाज हमखास चुकतो. चुंबक लावत राहायचं. साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटायचं बंद होतं पण तिथे थांबायचं नाही, थोडं पुढे जायचं. किती पुढे? मी मिठाचे दोन दाणे टाकतो. मीठ ८०१ अंशांना वितळतं. दाणा तडतडतो, मग एकदम पाण्याच्या थेंबासारखा चमकतो आणि पसरतो. तो पसरला की अजून जरासं, आणि मग सरळ उभं, टोक खाली करून तेलात. आत वर-खाली हलवा, आडवं हलवू नका.

बाहेर काढल्यावर कानस फिरवून बघा (मोडलेली अर्धी आहेच तुमच्याकडे 😀), ती काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर पाणी चढलं. आणि लगेच, दुसऱ्या दिवशी नाही, लगेच ओटीजीत २०० अंशांवर एक तास, थंड करून परत एक तास. ही पायरी टाळलीत तर पाट्याची पण कानस होईल.

चिवट_कोळी
ओटीजीत लोखंड. घरी विचारलंय का?

पाणीदार
रविवारी केक, बुधवारी लोखंड असा तह झालाय. तेल नीट पुसून टाका नाहीतर पुढचा केक इंजिनाच्या वासाचा होतो.

ओटीजी नसेल तर कढईत वाळू तापवून त्यात ठेवा आणि रंग बघा. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर आधी फिकट पिवळा रंग चढतो, तो साधारण २०५-२२० अंश, मग गवताचा सोनेरी, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० च्या आसपास निळा. लाकडाच्या स्क्रेपरला फिकट ते सोनेरी पिवळा. मुठीत जाणारं शेपूट मात्र निळं होईपर्यंत तापवा, ते नरमच बरं.

मिशिगनकर
मस्त धागा. इथे गराजमध्ये लेथ आहे आणि बरेच जण आता कार्बाइडच्या (पोलादाहून कडक) टिपा वापरतात, दांडा स्वतः करायचा आणि टीप एका स्क्रूवर बसवायची, धार गेली की टीप फिरवायची. धार लावायचं झंझट नाही. भुसाभाऊ तिकडे एमआयडीसीच्या भंगारात अशा टिपा, म्हणजे इन्सर्ट, मिळत असतील ना?

उद्यमनगरी
मिळतात पोत्यानं, पण गंमत आहे. लोखंड कातायच्या साध्या इन्सर्टची कड मुद्दाम थोडी बोथट केलेली असते, नाहीतर ती लगेच तुटेल. लाकडावर ती कापत नाही, ओरबाडते. अॅल्युमिनियमसाठीचे इन्सर्ट बघा, आरशासारखे पॉलिश केलेले, बोट लावलं तर कापतं. ते लाकडाला चालतात.

भुसाभाऊ, अजून एक, पुढच्या वेळी भंगारात जाताना छोटा ग्राइंडर आणि ओळखीचे तुकडे घेऊन जावा. माइल्ड स्टीलची ठिणगी लांब, सरळ, टोकाला एखादा फाटा. कानशीची ठिणगी चाकाजवळच फुटायला लागते, अगदी फुलबाजीसारखी. एचएसएसची काळपट केशरी, तुटक, फुटतच नाही, बघून वाटतं ग्राइंडर बिघडला. शेजारी शेजारी लावून बघितलं की डोळ्याला आपोआप कळतं. तुमच्या ड्रिलचे दोन्ही तुकडे असेच लावून बघा, एका ड्रिलमधून दोन वेगळ्या ठिणग्या येतील.

शिवणपाट
आणि काय घ्यायचं नाही ते पण सांगा कोणीतरी. माझा भाऊ शॉकॅब्सॉर्बरचा दांडा कापायला निघाला होता.

उद्यमनगरी
बापरे. बंद शॉकॅब्सॉर्बर कापायचा नाही, आत दाबाखाली गॅस असतो. जस्ताचा मुलामा असलेलं काही भट्टीत घालायचं नाही, त्या पांढऱ्या धुराने थंडी वाजून ताप येतो. इंजिनाचे एक्झॉस्ट वॉल्व्ह दिसायला छान दांडे वाटतात पण काहींच्या पोकळीत सोडियम भरलेलं असतं, कापताना पाणी लागलं तर संपलं. आणि टीएमटी सळई, दर महिन्याला कोणीतरी विचारतंच, तिच्यात कार्बन इतका कमी की कितीही पाणी द्या धार धरणार नाही. घराच्या स्लॅबलाच राहू द्या.

बेअरिंगची रिंग मात्र ठेवा भाऊ. ईएन-३१ पोलाद, एक टक्का कार्बन, दीड टक्का क्रोम. सरळ करायला ठोकावी लागेल, पण छोटी पार्टिंगची (लाकूड कापून वेगळं करायची) पट्टी झकास होते.

भुसाभाऊ
तीन आठवड्यांनी अपडेट देतोय, मधे पावसाने शेडमध्ये पाणी.

ड्रिलच्या ठिणग्या बघितल्या. खरंच दोन वेगळ्या! बायकोला बोलावून दाखवल्या, ती म्हणाली "बरं", आणि गेली.

पाट्याचा स्क्रेपर केला. पहिल्या खेपेला तेलात घालताना हात तिरका गेला आणि हत्यार केळ्यासारखं वाकून बाहेर आलं. परत राखेत, परत सगळं. दुसऱ्या खेपेला मिठाचा दाणा टाकला, तो पसरताना बघितला, आणि पाणीदार तुम्हाला काय सांगू, मी एवढा वेळ बघत बसलो की परत तापवायला लागलं. तेलात घातल्यावर भसकन जाळ आला, झाकण हाताशी होतं म्हणून वाचलो. कानस घसरली. ओटीजी शेजाऱ्यांचा, केकचं नाव सांगून आणला.

८ एमएम जाड, इंचभर रुंद, मूठ जांभळाची सोळा इंची, तोंडाला एसीच्या तांब्याच्या पाइपचं कडं. धारेचा कोन ७५ अंशांच्या आसपास. त्याच फणसाचा उरलेला वाडगा आतून साफ केला, या वेळी टेकू अर्ध्या इंचावर आणि तोंडावर फेस शील्ड. एकदा अडकला पण, पट्टा घसरला, हत्याराला काही नाही.

आता अडचण अशी की ग्राइंडरवर धार लावताना टोकाला बारीकसा निळा डाग आला. गेलं का पाणी?

पाणीदार
तेवढ्या डागापुरतं गेलं. एचएसएस असतं तर निळं झालं तरी फरक पडत नाही, त्याचं टेंपरिंगच (आपण ओटीजीत केलं ते) ५५० अंशांच्या आसपास होतं, पण पाट्याचं पाणी निळ्यावर उतरतं. घाबरू नका, अख्खं परत करायला नको. निळा भाग हळूहळू घासून काढा, दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवायचं, बोट लावून बघायचं, चटका बसायच्या आत पाण्यात. आणि मूठ हातात धरून नाही, टोकाजवळ बोट ठेवून घासा, बोट आधी ओरडतं.

एचएसएसला मात्र गरम असताना पाण्यात बुडवू नका, कडेला केसाएवढे तडे जातात. उलटा नियम आहे, दोन्ही हत्यारं एकाच ग्राइंडरवर असली की हमखास गोंधळ होतो.

रंधामास्तर
मुठीला रंग मारा. पाट्याच्या हत्याराची मूठ लाल, एचएसएसची काळी. आमचे मेस्त्री करायचे.

भुसाभाऊ
हे आवडलं मास्तर. लाल ऑइलपेंट घरात आहे, आज संध्याकाळीच मारतो. निळा डाग निघाला, साधारण दोन एमएम गेलं.

आणि त्या मोडक्या कानशीचा मागचा अर्धा भाग अजून आहे. ओटीजी परत करायच्या आत तो पण दोन तास आत घालून घेऊ का, निदान छोट्या फिरक्यांपुरता?

उद्यमनगरी
सगळे दात आधी घासा. चारही बाजूंचे. मग घाला.